गाडी जाते, पण थांबत नाही

विरारची लोकल नायगाव सोडून भाईंदरकडे निघाली की खाडीचा पूल लागतो. धडधड आवाज सुरू झाला की डब्यातल्या काही जणींचे हात आपोआप जोडले जातात. कुणी पिशवीतून निर्माल्य काढतं, दारातल्या बाईकडे देतं, ‘टाक गं खाडीत’ म्हणतं. मीही कित्येक वर्षं हेच केलं. खाली कोण असेल, हा विचार कधी मनात आला नाही.

हा पूल नसता तर आपली वसई आज कशी असती? पूर्वी इथला सगळा कारभार पाण्यावरचा. सोपारा तर प्राचीन बंदर. वसईचा किल्लाही खाडीच्या तोंडाशीच उभा. होडीशिवाय मुंबई नाही, अशी स्थिती. मग ‘बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया’ रेल्वे आली. वैतरणा नदी आणि वसईची खाडी, दोन्हींवर पूल बांधून १८६४ मध्ये ही गाडी गुजरातहून थेट मुंबईत ग्रँट रोडला पोचली.

पण रूळ किल्ल्याजवळून गेले नाहीत, गावापासून चांगले लांबून गेले. म्हणून तर स्टेशनचं नाव ‘वसई रोड’! म्हणजे वसईला जायच्या रस्त्यावरचं स्टेशन. हळूहळू बाजार, शाळा, दवाखाने स्टेशनकडे सरकले. नालासोपारा, विरारचंही तसंच. ‘स्टेशनपासून किती मिनिटं?’ हा आज घर घेतानाचा पहिला प्रश्न!

१२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईला रोजची लोकल सुरू झाली. दिवसाला एकच. सकाळी पावणेसातला निघायची आणि संध्याकाळी साडेपाचला परत फिरायची. नोकरदार बाईचा दिवस आजही साधारण याच वेळांना बांधलेला आहे, नाही का? १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी आली. १९९२ ला सुरू झालेली लेडीज स्पेशल १९९३ मध्ये विरारपर्यंत आली. वाडीतली भाजी, केळी, फुलं घेऊन दादरचा बाजार गाठणाऱ्या बायका असोत की ऑफिसला जाणाऱ्या लेकी, पुलाने आपल्याला कमाई दिली.

पण याच पुलाच्या मधोमध एक गाव आहे, पाणजू. नायगाव आणि भाईंदरच्या मधलं बेट. गाडी एका पुलावरून बेटावर येते आणि दुसऱ्या पुलावरून निघून जाते. १८६७ च्या त्या पहिल्या लोकलच्या थांब्यांत ‘पांजे’ असं नाव सापडतं. ते हेच पाणजू, असं मानलं जातं. आज मात्र तिथे गाडी थांबत नाही.

बचत गटाच्या कामासाठी मी नायगावहून होडीने तिथे गेले. उतरताना चिखलात पाय घसरला, तर एका आजीने हात दिला. म्हणाली, “बाय, गाडी आमच्या दारावरनं जाते, पन थांबत नाय. रातचं सुनेला दुखायला लागलं, तं आदी होडी बगायची, मंग डाक्टर.” मला काय बोलावं ते सुचेना.

होडी चुकली की माणसं पुलाच्या कडेने चालत येतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये असाच चालत निघालेला पाणजूचा एक तरुण धावत्या लोकलमधून फेकलेला नारळ लागून गेला. फेकणाऱ्याच्या मनात पापही नसेल. होती ती श्रद्धाच. पण त्या घरातला माणूस गेला तो गेलाच.

त्या दिवसापासून मी एक ठरवलंय. नारळ फोडून प्रसाद वाटायचा, फुलं तुळशीच्या, जास्वंदीच्या मुळाशी घालायची. डब्यात कुणी पिशवी पुढे केली, तर तिला पाणजूची गोष्ट सांगायची. एकदा एक जण माझ्यावर चिडली. दुसऱ्या दिवशी तीच शेजारणीला अडवत होती!

पाणजूला थांबा देणं आपल्या हातात नाही. तो मागायला त्यांच्याबरोबर उभं राहणं आहे. आणि पूल आला की हात जोडावेत, जरूर जोडावेत. फक्त ते रिकामे असावेत.