मोडी कागदांचें यांत्रिक वाचन

वसईचा किल्ला सन १७३९ च्या मे महिन्यांत मराठ्यांच्या हातीं आला. त्या मोहिमेचे कागद पेशवे दप्तराच्या निवडक खंडांपैकीं १६ व्या खंडांत छापून निघाले आहेत. परंतु खासगी संग्रहांतील मोडी कागद वाचकाची वाट पाहत आहेत, आणि मोडी जाणणारे तर विरळ होत चालले. कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें असे कागद वाचून देतात असें ऐकून विरार येथील एका तरुण अभ्यासकानें आम्हांस विचारलें कीं, यांपैकीं कोणतें घ्यावें?

हीं साधनें दोन जातींचीं. चॅट-जीपीटी, जेमिनी इत्यादि संभाषण करणारीं. दुसरीं केवळ हस्ताक्षर वाचणारीं. इन्सब्रुक विद्यापीठांतील कार्यांतून निघालेलें ट्रान्सक्रिबस हें दुसऱ्या जातीचें असून, आपण वाचलेलीं पानें दाखवून त्यास एखाद्या लेखकाचें वळण शिकवितां येतें. खास मोडीकरितां रुडकीच्या आय. आय. टी. मधील संशोधकांनीं २०२५ सालीं दोन हजारांवर मोडी चित्रें देवनागरी लिप्यंतरासह संग्रहित केलीं. त्यांत शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन अशीं तिन्ही वळणें आहेत, हें विशेष.

साधनाची परीक्षा छापील पत्रावर घेऊं नये. तें पत्र यंत्रानें पूर्वींच पाहिलेलें असण्याचा संभव असतो. आम्हीं पूर्वीं स्वतः वाचलेला, परंतु कोठेंही न छापलेला एक कागद संभाषणी जातीच्या एका साधनास दाखविला. मायना बिनचूक आला. मायने ठराविकच असतात, त्यांत नवल तें काय? तिसऱ्या ओळींत किडीनें चार अक्षरें खाल्लीं आहेत. यंत्राच्या प्रतींत तेथें भोंक नव्हतें! शैलीस शोभेल असा शब्द त्यानें बेमालूम बसविला होता. वाचतां न येणारी जागा रिकामी सोडतें तें साधन, शंभरांत पांच अक्षरें अधिक चुकलें तरी, आम्ही पसंत करूं. ऱ्हस्वदीर्घाचा भेद मोडींत राखलेला नसतो. ‘दिन’ कीं ‘दीन’ हें संदर्भावरून ठरवावें लागतें, आणि संदर्भ बनविण्यांत तर हीं यंत्रें फार कुशल.

कालनिर्णयांत याहून मोठा घोटाळा झाला. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ म्हणजे ११३९ हें त्यानें बरोबर वाचलें; परंतु महिना सफर पाहून सन हिजरी ठरविला आणि इसवी १७२६-२७ सांगितलें. वास्तविक हा सुहूर सन. तो मृगारंभीं बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढें मृगापर्यंत ६०० मिळवावे. सफर त्या वर्षीं मे महिन्यांत आल्यामुळें इसवी १७३९ येतें. हिजरी सन तर तेव्हां ११५२ होता. एवढ्या चुकीनें वसईच्या विजयाचा कागद मोहिमेच्याहि दहा वर्षें आधीं जाऊन पडतो. चूक दाखवितांच यंत्रानें नम्रपणें क्षमा मागितली व तिसरेंच वर्ष सांगितलें.

संग्राहकांस आणखी एक सूचना. इनामाचे वा वांटणीचे कागद चढविण्यापूर्वीं तीं चित्रें यंत्राच्या शिक्षणास वापरलीं जातात कीं काय, हें त्या साधनाच्या अटींत पाहावें, व मालकाची संमति घ्यावी.

आमच्या त्या तरुण मित्रानें अखेर हस्ताक्षरवाचनाचें साधन घेतलें. तो आधीं कागद स्वतः वाचतो, मग यंत्राचें वाचन शेजारीं ठेवतो. जेथें दोहोंत फरक पडतो तेवढींच स्थळें घेऊन रविवारीं आमच्याकडे येतो. आमच्या कागदाचीहि त्यानें नवी प्रत केली आहे. तींत तिसऱ्या ओळींतील चार अक्षरांच्या जागीं रिकामा कंस आहे.