युद्ध चालू असताना पुरस्कार

नांदेडजवळच्या विष्णुपुरीतल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थांनी निजामाच्या राजवटीविरुद्धचा लढा चालवला. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. त्या काळावर मराठीत ‘रझाकार’ हा चित्रपट आला तो २०१५ मध्ये. लढा पाहिलेली पिढी तोवर बहुतेक सरली होती. आता मात्र युद्धातला धूर विरायच्या आत त्यावरचा सिनेमा महोत्सवात दाखल होतो, आणि तो लढाई संपण्याआधीच ऑस्करच्या शर्यतीत असतो.

अशा सिनेमांना पुरस्कार मिळतात का? मिळतात. पण कोणत्या सिनेमाला आणि कोणत्या दारानं, यात बराच फरक पडतो.

मराठी माणसाला सर्वांत जवळचं उदाहरण सोलापूरचं. जपानशी लढणाऱ्या चीनमध्ये १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. कोटणीस डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ पडद्यावर आला. जपान शरण गेला होता, पण चीनमध्ये यादवी पेटलेलीच होती. या चित्रपटाचा गौरव करायला देशात तेव्हा राष्ट्रीय पुरस्कारच नव्हते. ते १९५४ मध्ये सुरू झाले आणि पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळालं.

अमेरिकेत त्याच सुमारास वेगळं चित्र होतं. १९४३ मध्ये ‘मिसेस मिनिव्हर’ला सहा ऑस्कर मिळाले, पुढच्या वर्षी ‘कॅसाब्लांका’ सर्वोत्कृष्ट ठरला. मत देणारे आणि सिनेमा काढणारे एकाच बाजूचे होते. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी तसं राहिलं नाही. एप्रिल १९७५ मध्ये ‘हार्ट्‌स अँड माइंड्‌स’ या माहितीपटाला ऑस्कर मिळालं, तेव्हा निर्माते बर्ट श्नायडर यांनी मंचावर व्हिएतनामी क्रांतिकारकांच्या बाजूची तार वाचून दाखवली. थोड्याच वेळात फ्रँक सिनात्रा यांनी, या विधानांची जबाबदारी ऑस्कर देणाऱ्या अकादमीची नाही, असं निवेदन वाचलं. तीनच आठवड्यांनी सायगाव पडलं.

अलीकडच्या विजेत्यांत एक साम्य दिसतं: ते युद्धाचा आढावा घेत नाहीत. मिस्तिस्लाव चेर्नोव यांचा ‘ट्‌वेंटी डेज इन मारिउपोल’ एका शहरातून आणि वीस दिवसांतून हलत नाही. मार्च २०२४ मध्ये युक्रेनला पहिलं ऑस्कर मिळालं ते याच माहितीपटामुळे, आणि हा सिनेमा काढायची वेळच आली नसती तर बरं झालं असतं, असं चेर्नोव मंचावरून म्हणाले. त्यांचा पुढचा माहितीपट ‘टू थाउजंड मीटर्स टू आन्द्रिइव्का’ आघाडीवरच्या खंदकांचा होता. २०२६ च्या अंतिम नामांकनांत तो आला नाही. त्याच यादीत ‘मिस्टर नोबडी अगेन्स्ट पुतिन’ मात्र होता, आणि त्यात दिसते ती एका रशियन शाळेत युद्धाच्या प्रचाराची रोजची तालीम. युद्ध लांबलं की तेच ते अवशेष पाहून परीक्षकांचीही नजर बोथट होते, असा याचा अर्थ लागतो. आघाडीवरच्या माणसांवर हा अन्याय आहे, पण तो घडतो.

गाझाबाबत कौथर बेन हानिया यांनी एका मुलीचा फोन निवडला. गाडीत अडकलेली हिंद रजब मदत मागते आहे, तो तिचा खराच आवाज ‘द व्हॉइस ऑफ हिंद रजब’मध्ये ऐकू येतो. २०२५ मध्ये व्हेनिसला या चित्रपटाला परीक्षकांचा मोठा पुरस्कार मिळाला. दिग्दर्शिका ट्युनिशियाच्या, म्हणून तो ट्युनिशियातर्फे ऑस्करला गेला आणि अंतिम पाचांत पोचला.

पुरस्कार मिळाला म्हणजे संरक्षण मिळालं, असं मात्र नाही. वेस्ट बँकेतल्या मसाफेर यत्ताची घरं पाडली जाताना टिपणाऱ्या ‘नो अदर लँड’ला मार्च २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. अमेरिकेत त्याला वितरक मिळत नव्हता. त्याच महिन्यात सहदिग्दर्शक हमदान बल्लाल यांना वसाहतवाल्यांनी मारहाण केली आणि इस्रायली सैन्यानं ताब्यात घेतलं. अकादमीनं आधी नाव न घेता निवेदन काढलं. शेकडो सदस्यांनी सह्यांचं पत्र दिल्यावर माफी मागितली. ज्या संस्थेनं बाहुली हाती दिली, तिला माणसाचं नाव घ्यायला एवढा वेळ लागावा, हे क्लेशदायक आहे.

आपल्या घरातलं असं युद्ध म्हणजे दंडकारण्यातला माओवादी आणि सरकार यांच्यातला संघर्ष. अमित मसुरकर यांचा ‘न्यूटन’ त्याच जंगलातला. शहात्तर मतदारांचं एक मतदान केंद्र, नियमावर अडून बसणारा कारकून, आणि अंजली पाटील यांनी उभी केलेली स्थानिक शिक्षिका मलको. पडद्यावर मोठी चकमक नाही, तरी भीती प्रत्येक झाडामागे आहे. बर्लिनला गौरव मिळाल्यावर २२ सप्टेंबर २०१७ ला तो प्रदर्शित झाला आणि त्याच दिवशी भारतातर्फे ऑस्करसाठी निवडला गेला. नामांकनापर्यंत तो पोचला नाही. पण अशा विषयाचा सिनेमा देशाच्या नावानं गेला, हीच मोठी गोष्ट होती. आंतरराष्ट्रीय विभागात प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो आणि आपल्याकडे तो फिल्म फेडरेशनची समिती ठरवते. ज्या संघर्षात सरकार स्वतः एक बाजू आहे, त्यावरच्या चित्रपटाला ही गाळणी अवघड जाते.

माहितीपटाला ही अट नाही. ठरावीक चित्रपटगृहांतलं प्रदर्शन किंवा मान्यताप्राप्त महोत्सवातला पुरस्कार, एवढ्यावर तो थेट पात्र ठरतो. ‘रायटिंग विथ फायर’, ‘ऑल दॅट ब्रीद्‌स’ आणि ‘टू किल अ टायगर’ हे भारतावरचे माहितीपट याच दारानं लागोपाठ तीन वर्षं नामांकनात आले. विष्णुपुरीत किंवा लातुरात माध्यमांचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींनी हे दार ओळखून ठेवावं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. भामरागड आणि एटापल्लीच्या गावांनी दोन्ही बाजूंच्या बंदुकांखाली काढलेली वर्षं कुणी तरी आत्ताच, माडिया भाषेत, टिपायला हवीत. राष्ट्रीय पुरस्कारांत राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीबाहेरच्या भाषांतल्या चित्रपटांनाही स्थान आहे. अशा चित्रपटाची पहिली संधी तिथे आहे.