विलायतेंतील घरें : ग्यासचा बॉयलर कीं विजेचा पंप ?

इंग्लंडांत हिवाळ्यांत घर तापविल्यावांचून निभावत नाहीं. तेथील बहुतेक घरांत हें काम ग्यासच्या बॉयलरकडे असतें. त्यांत तापलेलें पाणी नळांतून खोल्याखोल्यांच्या रेडिएटरांत फिरतें. ग्यास जळून हवेंत कर्बवायूची भर पडते. म्हणून इंग्लंड व वेल्समध्यें बॉयलर काढून विजेचा उष्णता-पंप बसविणारांस २०२२ पासून सरकारी अनुदान मिळूं लागलें, व ऑक्टोबर २०२३ मध्यें तें ७,५०० पौंड करण्यांत आलें. आपल्या शेतकरी कुटुंबांतील कित्येक मुलेंमुली तिकडे संसार करीत आहेत. त्यांच्या उपयोगाचा हा जमाखर्च आम्ही येथें मांडतों.

विजेनें घर तापविण्याच्या रीती मुख्यतः दोन. पहिलींत विजेनें तार तापते. ही उपकरणें विकणारे "वीज शंभर टक्के कामीं येते" असें सांगतात. तें खोटें नाहीं. एका युनिट विजेपासून एक युनिट उष्णता मिळते. मात्र त्याहून अधिक कधींच मिळत नाहीं.

दुसरी रीत उष्णता-पंपाची. विहिरीवरील मोटार पाणी निर्माण करीत नाहीं, खालचें पाणी वर आणते. तसाच हा पंप बाहेरच्या हवेंतील उष्णता घरांत आणतो. गार हवेंतही उष्णता असतेच. अल्प उष्णतेनें उकळणारा एक द्रव बाहेरच्या नळ्यांत ती शोषून वाफ होतो; यंत्र ती वाफ दाबतें, दाबानें ती कढत होते, व आपली उष्णता घरांतील पाण्यास देऊन पुन्हा द्रव होते. रेफ्रिजरेटरांत हीच क्रिया चालते. ही युक्ति नवी नव्हे. विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांनीं १८५२ सालींच ती सुचविली. आणि झूरिक येथील नगरभवनांत नदीच्या पाण्यांतून उष्णता घेणारा पंप १९३८ सालीं बसला. चांगल्या पंपापासून एका युनिट विजेंत सुमारें तीन युनिट उष्णता मिळते.

आतां हिशेब पाहूं. २०२४ सालीं तेथें ग्यासचा दर युनिटास सुमारें ६ पेन्स व विजेचा सुमारें २४ पेन्स होता. १०० पेन्सांचा एक पौंड. घरास वर्षाला ९,००० युनिट उष्णता लागते असें धरूं. बॉयलरमध्यें शेंकडा १० वायां जाते, म्हणून ग्यास १०,००० युनिट, म्हणजे ६०० पौंड. शिवाय जोडणीचा रोजचा आकार सुमारें ३० पेन्स, वर्षाचे ११० पौंड. एकूण ७१०. तारेच्या रीतीनें २,१६० पौंड. पंपानें ३,००० युनिट वीज, म्हणजे ७२० पौंड. आणि चूलही विजेची करून ग्यासची जोडणी तोडली, तर तो आकार वांचतो. अर्थात् पंप ग्यासच्या बरोबरीस येतो, तारेचा खर्च मात्र तिप्पट पडतो.

परंतु विहीर खोल गेली कीं मोटारीस वीज अधिक लागते, तसेंच येथेंही आहे. बाहेर थंडी जितकी कडक व रेडिएटरांतील पाणी जितकें कढत, तितकी वीज अधिक. पाणी ७० अंशांऐवजीं ४५ अंशांवर भागलें, तर पंप स्वस्त चालतो. त्यासाठीं रेडिएटर मोठे हवेत, आणि छप्पर, भिंती व खिडक्यांतून उष्णता निसटतां कामा नये. म्हणून आधीं घर बंदिस्त करावें, मग पंप घ्यावा. केवळ बसविण्यास स्वस्त म्हणून तारेचा बॉयलर घेणाऱ्यास ती बचत पुढें दर हिवाळ्यांत परत द्यावी लागते.

आपल्याकडे घर तापविण्याची गरज क्वचितच पडते. पण स्नानाचें पाणी तापविणारा विजेचा गीझर तारेच्याच जातीचा आहे. तो घेतांनाही किंमतीबरोबर वर्षाच्या विजेचा आंकडा मांडून पाहावा.