दोन मिलिमीटरांतला हायड्रोजन

कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग गावाजवळ एल्कहॉर्न स्लू ही खाडी माँटेरे उपसागराला मिळते. तिच्या काठच्या मिठागरांत मीठ पिकवणे केव्हाच थांबले. आता तिथे पाणपक्षी उतरतात आणि उथळ खाऱ्या पाण्याखाली सूक्ष्मजीवांचा गालिचा वाढतो. वरून पाहिले तर चिखलावर शेवाळी साय धरल्यासारखी वाटते. पण सुरीने कापल्यावर खरवसाच्या वडीसारखा अखंड तुकडा निघतो. त्याच्या कडेला पट्टे दिसतात, वर हिरवट-तपकिरी आणि खाली काळा. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. तुकडा नाकाजवळ नेला की सडक्या अंड्यांचा वास येतो. हा गालिचा रात्री हायड्रोजन सोडतो, आणि त्या हायड्रोजनच्या हिशेबात हा वास पुढे पुन्हा येणार आहे.

या गालिच्याचा वरचा थर मुख्यतः मायक्रोकोलियस नावाच्या नीलहरित जिवाणूंचा असतो. त्यांचे तंतू एकाच आवरणात जुडीसारखे बांधलेले असतात. दिवसा ते प्रकाशसंश्लेषण करतात, ऑक्सिजन सोडतात आणि मिळालेली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. सूर्य मावळला की ऑक्सिजनचा पुरवठा थांबतो आणि शेजारचे असंख्य जीव उरलेला ऑक्सिजन काही मिनिटांत संपवतात. मग रात्रभर मायक्रोकोलियसला श्वसनाविना तगावे लागते. तो साठवलेल्या साखरेचे किण्वन करतो. त्यात शिल्लक राहणारे इलेक्ट्रॉन कुठेतरी खपवावे लागतात. हायड्रोजिनेज हे निकेल-लोहयुक्त एन्झाइम ते हायड्रोजन आयनांना देते आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. सोबत सेंद्रिय आम्लेही पाझरतात. हे सारे वरच्या दोन मिलिमीटरांत घडते.

हायड्रोजन किण्वनातूनच येतो, हे गृहीत धरण्यासारखे नव्हते. हवेतला नायट्रोजन स्थिर करणारे नायट्रोजिनेज हे एन्झाइमही ओघात हायड्रोजन सोडते, त्यामुळे संशय त्याच्यावरही होता. या गालिच्यावरचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात नायट्रोजनचे स्थिरीकरण दाबून पाहिले, तरी हायड्रोजन घटला नाही. उलट गालिच्याला दिवसभर अंधारात ठेवल्यावर त्या रात्रीचा हायड्रोजन सुमारे दहापटीने कमी झाला. दिवसाची कमाई नसेल तर रात्री उधळायला काही उरत नाही.

त्याच थरात जिवाणूंचे ६४ संघ सापडले. एवढ्या गर्दीत हायड्रोजन करणारा नेमका कोण, हे ओळखायला जनुके मोजून भागत नाही. जनुक म्हणजे हजेरीपटावरचे नाव. प्रत्यक्ष काम कोण करतो ते आरएनएवरून कळते. (हा फरक कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला वेगळा सांगायला नको.) दोन्ही याद्यांत मायक्रोकोलियस सर्वांत वर होता, आणि हायड्रोजिनेजच्या जनुकांचा व त्यांच्या आरएनएचा ताळाही त्याच्याकडेच बोट दाखवत होता.

पण बाहेर येणारा हायड्रोजन म्हणजे तयार झालेला सगळा हायड्रोजन नव्हे. काचेच्या बंद कुपीत गालिच्याचा तुकडा ठेवून वरून हायड्रोजन भरला, तर जिवंत तुकड्यात तो कमी कमी होत जातो. मारलेल्या तुकड्यात तसा होत नाही. म्हणजे कोणीतरी तो खाते. इथे सडक्या अंड्यांचा वास उपयोगी पडतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. सल्फेटाचे क्षपण करणारे जिवाणू हायड्रोजन घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. त्यांचे काम रोखले की सल्फाइड घटते आणि बाहेर येणारा हायड्रोजन वाढतो. मिथेन मात्र जेमतेमच निघते, म्हणून हायड्रोजन खाऊन मिथेन सोडणाऱ्या मिथेनजनकांवरचा संशय फिटतो. २०१४ सालच्या पुढच्या अभ्यासात या खाणाऱ्यांची ओळख पटली: डिसल्फोबॅक्टेरेल्स हा जिवाणूंचा गण. तो सापडला त्याच दोन मिलिमीटरांत. ऑक्सिजनचे वैरी म्हणून ओळखले जाणारे हे जिवाणू दिवसा ऑक्सिजनने ओसंडणाऱ्या थरात राहतात, कारण रात्रीचे जेवण तिथेच वाढले जाते. सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट.

या देवघेवीला भूतकाळही आहे. मेक्सिकोतील गेरेरो नेग्रो इथल्या मिठागरांचे गालिचे तपासून नासाच्या एम्स केंद्रातील टोरी होलर, ब्रॅड बेबाउट आणि डेव्हिड डे मॅरे यांनी २००१ साली एक विचार मांडला. प्राचीन पृथ्वीवर असे गालिचे उथळ पाण्यात पसरलेले होते आणि त्यांनी सोडलेला हायड्रोजन थोडाथोडा अवकाशात निसटला असावा. हलका वायू निसटला की मागे राहणाऱ्या पृथ्वीचे ऑक्सिडीकरण होत जाते. त्या काळच्या समुद्रात सल्फेट आजच्या मानाने फार कमी होते. तेव्हा सल्फेटावर जगणाऱ्या खवय्यांची पंगतही लहानच असणार.

हे गालिचे उद्या स्वच्छ इंधन देतील, अशी आशाही त्यांच्याबरोबर सांगितली जाते. ती भाबडी वाटते. इंधन म्हणून जो हायड्रोजन हवा, तो शेजाऱ्यांचे जेवण आहे. तो पुरेसा मिळवायचा तर खाणाऱ्यांना रसायनाने थोपवावे लागते, आणि तसे थोपवलेला गालिचा खाडीत वाढणारा गालिचा राहत नाही. दिवसा त्याला मनसोक्त ऊन हवे, रात्री ऑक्सिजनविरहित अंधार. आणि एवढे करूनही वायू देणारा थर दोन मिलिमीटरांचाच.