द्रुतगती अणुभट्टीतील धातुरूप इंधन आणि संरक्षक अस्तराचा प्रश्न

प्रस्तावना :

अणुभट्टीचे इंधन म्हटले की युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या डोळ्यांसमोर येतात. तथापि वेगवान न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या, म्हणजेच द्रुतगती अणुभट्ट्यांचा प्रारंभ धातुरूप इंधनाने झाला. २० डिसेंबर १९५१ रोजी अमेरिकेतील आयडाहो येथील ईबीआर-१ अणुभट्टीने विजेचे चार दिवे उजळले, तेव्हा तिच्यात युरेनियम धातूच होता. धातूत अणूंची दाटी अधिक असते, न्यूट्रॉनांना मंदावणारा ऑक्सिजन नसतो. त्यामुळे नवे प्लुटोनियम अधिक त्वरेने निर्माण होते. युरेनियमचे साठे मर्यादित असलेल्या भारताला या गुणाचे मोल विशेष आहे. दुसरा गुण सुरक्षिततेचा. ३ एप्रिल १९८६ रोजी ईबीआर-२ मध्ये पूर्ण शक्तीवर असताना शीतकाचे पंप मुद्दाम बंद करण्यात आले. नियंत्रक दांडे न सोडताही अणुभट्टी आपोआप शांत झाली. चेर्नोबिलची दुर्घटना त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी घडली. इतके गुण असूनही हे इंधन सर्वत्र रूढ झाले नाही, त्यामागील एका प्रमुख कारणाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अडचणीचे स्वरूप :

इंधनाची सळई पोलादाच्या बारीक नळीत बंदिस्त असते. किरणोत्सारी द्रव्यांना अडविणारी ही पहिली भिंत होय. आरंभी चिंता होती ती इंधन फुगण्याची. विखंडनातून निर्माण होणाऱ्या वायूंमुळे सळई फुगे आणि नळीवर ताण येई. त्यावर नळीतील सुमारे २५ टक्के जागा इंधनाविना राखून ती द्रवरूप सोडियमने भरण्याचा उपाय योजला गेला. इंधन सुमारे ३० टक्के फुगले की त्यातील छिद्रे परस्परांना जोडली जातात व वायू बाहेर पडतो. ज्या इंधनाचे ३ टक्क्यांच्या आसपास अणू खर्ची पडताच नळीला धोका उद्भवे, ते या उपायानंतर २० टक्क्यांच्या जवळ पोहोचले.

परंतु फुगलेली सळई आता नळीला चिकटून बसते आणि येथूनच रसायनशास्त्राचा प्रश्न सुरू होतो. युरेनियम ११३२ अंश सेल्सिअसला वितळते, लोह १५३८ अंशांना. मात्र दोहोंचे विशिष्ट मिश्रण ७२५ अंशांनाच द्रवरूप होते. प्लुटोनियममुळे ही मर्यादा आणखी खाली येते. शिवाय विखंडनातून उपजणारी निओडिमियम, सेरियम यांसारखी लँथनाइड मूलद्रव्ये इंधनातील भेगा व छिद्रांवाटे उष्ण गाभ्याकडून कडेला सरकतात, पोलादात शिरून ठिसूळ संयुगे बनवितात, तर पोलादातील लोह उलट दिशेने इंधनात उतरते. नळीची भिंत अशी आतून पोखरली जाते. परिणामी अणुभट्टीचे तापमान, पर्यायाने तिची कार्यक्षमता, हात राखून ठेवावी लागते.

अस्तराचे उपाय :

पितळेच्या भांड्यात ताक कळकू नये म्हणून कल्हई करतात, तोच विचार येथे आहे. इंधन व पोलाद यांच्यामध्ये दोहोंशी न झगडणाऱ्या धातूचा पातळ थर द्यावयाचा. फरक इतकाच, की ही कल्हई पुन्हा करता येत नाही. एकदा नळी बंद झाली की ती वर्षानुवर्षे टिकली पाहिजे.

झिर्कोनियम, व्हॅनेडियम व क्रोमियम हे तीन धातू प्रामुख्याने अभ्यासले गेले. झिर्कोनियम मुळातच इंधनाच्या मिश्रधातूत असते, त्यामुळे ते परके नाही. पण तापल्यावर ते पोलादाच्या जेमतेम निम्मे प्रसरण पावते. व्हॅनेडियम पोलादातील कार्बन ओढून घेते. क्रोमियमचा थर विद्युत-विलेपनाने स्वस्तात चढतो, मात्र त्यात सूक्ष्म भेगा पडतात, आणि लँथनाइडांना तेवढी वाट पुरेशी असते. अनुभव पाहता खरी कसोटी धातूच्या निवडीपेक्षा सलगतेची आहे असे दिसते. काही मिलिमीटर व्यासाच्या लांबलचक नळीत आतून निर्दोष थर चढविणे सोपे नाही. थर जाड केला तर इंधनाची जागा जाते, आणि ज्या प्रजननासाठी हा सारा खटाटोप तेच घटते. भारतात विचारात घेतलेल्या एका आराखड्यात सोडियम वगळून टी-९१ पोलादाची नळी व इंधन यांच्यामध्ये झिर्कोनियमयुक्त मिश्रधातूचे अस्तर योजले आहे.

दुसरा मार्ग इंधनातच पॅलेडियमसारखे द्रव्य मिसळून लँथनाइडांना जागीच बांधून ठेवण्याचा. तो अस्तराला पर्याय नसून पूरक मानावा लागेल.

प्रयोगशाळेत तापवून घेतलेल्या चाचण्यांत न्यूट्रॉनांचा मारा नसतो, ही मर्यादा उरतेच. ईबीआर-२ तर १९९४ मध्ये कायमची बंद झाली. त्यामुळे १९८५ मध्ये कल्पक्कम येथे प्रथम कार्यान्वित झालेल्या प्रायोगिक प्रजनक अणुभट्टीसारख्या मोजक्या जागी चाचणी-सळया ठेवून, पुढे त्या कापून थरांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते.