पेशी बहिरी होते तेव्हा

डोंबिवली पूर्वेला एमआयडीसीच्या बाजूला नव्याने राहायला आलेला माणूस पहिले काही दिवस नाकाला रुमाल लावून फिरतो. शेजारी विचारतात, "कसला वास?" ते खोटं बोलत नसतात. या न जाणवण्यात मेंदूचा हात आहेच, पण सुरुवात नाकातल्या पेशींपासून होते. गंध टिपणारे तिथले ग्राही आणि ॲड्रेनलिन किंवा एफएसएच ही संप्रेरकं टिपणारे ग्राही एकाच कुळातले आहेत. पेशीच्या पटलातून सात वेळा आतबाहेर ओवलेली ही प्रथिनं. सतत मारा झाला की बहिरं व्हायचं, ही या कुळातल्या बहुतेकांची खोड.

हे बहिरेपण म्हणजे दमणं नव्हे. पेशी ते स्वतः, मेहनतीने घडवते. पण हे कळलं कसं?

मूळ प्रयोग अगदी साधा आहे. बशीत वाढवलेल्या पेशींना ॲड्रेनलिनचा भाऊ शोभेल असं आयसोप्रेनलिन द्यायचं आणि पेशीतला सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू मोजायचा. काही मिनिटांत तो भसाभस वाढतो. मग पेशी धुऊन तोच डोस पुन्हा द्यायचा. या वेळी वाढ निम्मीशिम्मी. इथे खरं कोडं सुरू होतं: ग्राही पटलावरून गेला, की जागेवरच आहे पण मुका झाला?

उत्तर मिळालं टर्की पक्ष्याच्या आणि बेडकाच्या रक्तात. आपल्या लाल पेशींना केंद्रक नसतं, त्यांच्या लाल पेशींना असतं, आणि ॲड्रेनलिनचे ग्राहीही असतात. १९८०च्या आसपास अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की टर्कीचे ग्राही जागेवरच राहतात, फक्त त्यांना फॉस्फेट चिकटतात. बेडकाचे मात्र पटलावरून उठून पेशीच्या आत जातात.

आत गेलेला ग्राही मोजण्याची युक्ती मला सगळ्यात देखणी वाटते. किरणोत्सारी खूण लावलेली दोन औषधं घ्यायची, दोन्ही त्याच ग्राहीला चिकटणारी. त्यातलं डायहायड्रोअल्प्रेनोलॉल तेलात मिसळणारं, म्हणून पटल ओलांडून आतल्या ग्राहींनाही गाठतं. सीजीपी-१२१७७ पाण्यात रमणारं, ते बाहेरच अडतं. पहिल्याच्या मोजणीतून दुसऱ्याची वजा केली की लपून बसलेल्या ग्राहींची संख्या हातात येते. इतक्या सूक्ष्म लपाछपीचा निकाल एका वजाबाकीने!

फॉस्फेट चिकटले की त्यावर अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि ग्राहीचा पुढचा संदेश अडवतं. १९९७मध्ये अरेस्टिनला हिरवं चमकणारं प्रथिन जोडून हे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशीत पाहता आलं: आधी पेशीभर पसरलेली हिरवी झाक, औषध देताच काही मिनिटांत कडेला धावलेली. २०१२चं रसायनशास्त्राचं नोबेल लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना याच कुळावरच्या कामासाठी मिळालं.

ठाण्याहून लोकलने सहज गाठता येईल अशा परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. स्मिता महाले यांच्या गटाने एफएसएचच्या ग्राहीवर वर्षानुवर्षं काम केलं. हा ग्राही स्त्रीबीजाच्या वाढीचा कान. त्याच्या बाहेरच्या वळणांतली एकेक अमिनो आम्लं बदलायची, तो बदललेला ग्राही पेशींत घालायचा, आणि पाहायचं: संप्रेरक चिकटतं का, सायक्लिक एएमपी वाढतो का, ग्राही आत ओढला जातो का? चिकाटीचं काम आहे हे.

ठाणे-कल्याणच्या रस्त्यांवर आयव्हीएफच्या ज्या जाहिराती दिसतात, त्यांतल्या उपचाराच्या एका जुन्या पद्धतीत असंच बहिरेपण मुद्दाम आणतात. मेंदू जीएनआरएच हे संप्रेरक थांबून थांबून सोडतो. १९७८मध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडांना ते तासातासाने दिलं तेव्हा पीयूषिका ग्रंथी बोलती राहिली. अखंड दिलं तेव्हा गप्प झाली. जीएनआरएचची नक्कल करणाऱ्या ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं तेच करतात. आधी ग्रंथी उसळते, मग शांत होते, आणि स्त्रीबीजं वेळेआधी सुटत नाहीत.

गंमत म्हणजे सस्तन प्राण्यांतल्या जीएनआरएचच्या ग्राहीला आतली शेपटीच नाही, जिथे एरवी फॉस्फेट चिकटतात. त्यामुळे मिनिटांत येणारं बहिरेपण त्याच्या वाट्याला येत नाही; ल्युप्रोलाइडची शांतता संथपणे, दुसऱ्या वाटांनी येते. आपल्याकडे ज्याच्या पालनावर बंदी आहे त्या आफ्रिकी मांगूर माशाच्या ग्राहीला मात्र शेपटी आहे. १९९८मध्ये संशोधकांनी उंदराच्या बिनशेपटीच्या ग्राहीला दुसऱ्या एका ग्राहीची शेपटी जोडली, आणि तो चटकन बहिरा होऊ लागला, भराभर आतही जाऊ लागला.