कासव अचानक मरत नाही

कुरुंदवाड हे पाण्याचं गाव. पंचगंगा गावाला बिलगून वाहते आणि जवळच, नरसोबाच्या वाडीपाशी, कृष्णेला मिळते. २००५, २०१९ आणि २०२१ सालचे महापूर शिरोळ तालुक्यात कुणीच विसरलेलं नाही. अशा गावात कासव हा काही परका प्राणी नव्हे. ते नदीत असतं, ओढ्यात असतं, कधी विहिरीतही दिसतं. देवळात गेलात तर गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतंच. त्यामुळं एखादं चिमुकलं कासव हाती लागलं, की "आई, आपण पाळू या ना!" असा हट्ट सुरू होतो.

समजा, एका घरात हा हट्ट पुरवला गेला. कासव प्लॅस्टिकच्या टबात राहू लागलं. त्याचं बारसंही झालं. रोज भात, कधी पोळीचा तुकडा, कधी वाटीभर दूध. दोन-तीन महिने सगळं झकास चाललं होतं. मग एके दिवशी सकाळी पाहावं तो काय, कासव हलेना. कुणी मारलं नाही, मांजरानं धरलं नाही, अंगावर जखमही नाही. मग मेलं कशानं?

घरात तर्क सुरू होतात. कुणी म्हणतं, दृष्ट लागली. कुणी म्हणतं, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. आणि ज्यानं हट्ट केला होता ते पोर मनातल्या मनात विचारत राहतं, "माझ्यामुळं तर नाही ना मेलं?"

'आयुष्यच तेवढं' हे काही खरं वाटत नाही. कासव तर दीर्घायुष्यासाठी प्रसिद्ध! कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातलं 'अद्वैत' नावाचं महाकाय कासव २००६ सालच्या मार्च महिन्यात वारलं. त्याचं वय अडीचशे वर्षं असावं असं म्हणत. पक्की नोंद नव्हती, पण शंभरी त्यानं कधीच ओलांडली होती. त्याच्या कवचाला आधी तडा गेला होता आणि तिथं जखम झाली होती. म्हणजे एवढा म्हातारा जीवसुद्धा उगाच गेला नाही, त्यालाही कारण होतं. मग काही महिन्यांचं पिल्लू विनाकारण कसं मरेल?

गंमत, किंवा दुःखाची गोष्ट म्हणा, अशी की कासव कधीच 'मला बरं नाही' असं सांगत नाही. कुत्रा कण्हतो, मांजर ओरडतं, गाय चारा सोडते नि हंबरते. कासव मात्र गप्प. रानात आजारी दिसणारा प्राणी शिकाऱ्याच्या तोंडी आधी जातो, म्हणून आजार लपवणं हीच त्याची सवय. आपल्याला वाटतं काल चांगलं होतं आणि आज मेलं. खरं तर ते कित्येक आठवडे आजारी असतं. त्याचं मरण अचानक नसतं, अचानक असतं ते आपलं लक्ष जाणं!

आता कारणं पाहू.

पहिलं कारण थंडी. कासवाच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. बाहेर ऊन असेल तर ते तरतरीत, गारठा असेल तर सुस्त. अंग गार पडलं की खाल्लेलं पचत नाही, पोटातच कुजायला लागतं. शिवाय त्याची फुप्फुसं पाठीच्या कवचाखाली असतात आणि आपल्याला श्वास घ्यायला मदत करणारा छातीखालचा स्नायूचा पडदा त्याला नसतो. त्यामुळं छातीत कफ झाला तर नीट खोकून टाकताही येत नाही. नाकातून बुडबुडे येणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं ही न्यूमोनियाची लक्षणं. घरातली मंडळी मात्र म्हणतात, "थंडी आहे, झोपलंय बिचारं." ही झोप नव्हे, आजार असू शकतो.

दुसरं कारण उन्हाचा अभाव. सूर्यकिरणांतल्या अतिनील भागामुळं कासवाच्या अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर खाल्लेला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडांना लागत नाही. कासवाचं कवच म्हणजे हाडंच. त्याचा कणा आणि बरगड्या कवचाला जोडलेल्या असतात. ऊन नाही मिळालं तर पिल्लाचं कवच मऊ पडतं, पाय लुळे होतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथं कामाचं नाही, कारण हा अतिनील भाग काच अडवते. पण म्हणून टब भर उन्हात ठेवला तर? सावलीला जायला जागा नसेल तर तेच पिल्लू तासाभरात तापून मरेल.

तिसरं कारण आहार. भात, पोळी, बिस्किटं हे कासवाचं अन्न नव्हे आणि दूध तर त्याला पचतच नाही.

चौथं कारण सगळ्यांत मोठं. आपण पाळलंय ते कासव कुठलं, हेच पुष्कळदा ठाऊक नसतं. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव जमिनीवर राहतं आणि गवत-पाला खातं. त्याला पोहता येत नाही. आपल्याकडचं मऊ पाठीचं, पोटाखालच्या झडपांनी मागचे पाय झाकून घेणारं कासव पाण्यातलं. ते गोगलगायी, मासे, बेडूक आणि पाणवनस्पती खातं. पहिल्याला पाण्याच्या टबात ठेवलं काय किंवा दुसऱ्याला कोरड्या खोक्यात ठेवलं काय, दोघांचेही हालच.

मग नेमकं कशानं मेलं हे कळणार कसं? पशुवैद्य शवविच्छेदन करून ते सांगू शकतात. त्यासाठी मेलेलं कासव गार जागी ठेवून लवकरात लवकर न्यावं लागतं. ते केलं नाही, तर मागे उरतात नुसते तर्क.

आणि आता पालकांसाठीसुद्धा महत्त्वाची गोष्ट. ही दोन्ही कासवं घरात पाळणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना संरक्षण दिलं आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर स्टार कासवही सर्वांत कडक अशा पहिल्या अनुसूचीत गेलं. घरात कासव ठेवलं की पैसा येतो, या समजुतीपायी त्यांचा चोरटा व्यापार चालतो. २०१८ साली अशी चोरून नेलेली ५१ स्टार कासवं सिंगापूरहून विमानानं बंगळूरला परत आणावी लागली. शिवाय कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यानं लहान मुलांना जुलाब-तापाचा त्रास होतो. म्हणून कासवाला हात लागला तर साबणानं हात धुवायचे.

मग घरात असलेलं कासव घाटावर नेऊन नदीत सोडायचं का? थांबा! स्टार कासव कृष्णेत सोडलं तर ते बुडून मरेल. दुकानातून आणलेलं, कानाजवळ लाल पट्टा असलेलं कासव अमेरिकेतलं. ते नदीत गेलं तर आपल्या कासवांच्या तोंडचा घास पळवेल. म्हणून आधी वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा फोन नंबर आहे. पुराच्या पाण्याबरोबर कासव अंगणात आलं, तरी हाच नंबर लावायचा.

ज्याचं कासव मेलं त्या मुलाला आपण काय सांगावं? "तू त्याच्यावर माया केलीस, ती खोटी नव्हती. पण मायेच्या जोडीला माहिती लागते." एवढं सांगितलं तरी पुरे. ते मूल पुढच्या वेळी ओढ्याकाठी कासव पाहील, त्याच्या पाठीवरची नक्षी निरखील, ते काय खातंय ते वहीत टिपून ठेवील आणि त्याला तिथंच राहू देईल. पाळण्याहून हा छंद अवघड आहे बरं का. पण त्यात कासव जगतं!